वाचकांचे प्रश्न : आखाड्यावरची बोलेरो, तापणारी सुमो

जुन्या गाड्या घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा चालत्या करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. बहुतेक गाड्या बोलेरो किंवा सुमो आहेत. एक गोष्ट मात्र सगळ्या पत्रांत दिसली. खर्चाच्या यादीत रंग आणि सीट कव्हर वर, ब्रेक तळाला. आमच्या उत्तरांत हा क्रम उलटा समजावा : ब्रेक आधी, रंग शेवटी.

प्रश्न : वडिलांची २००६ची बोलेरो डीआय चार वर्षांपासून शेतातल्या आखाड्यावर पत्र्याच्या शेडात उभी आहे. हाताशी ८० हजार आहेत, शनिवार-रविवार मोकळा असतो, पाना धरता येतो. नवी बॅटरी लावून सेल्फ मारून बघू का?
— वाचक, जिंतूर (जि. परभणी)

एवढ्यात सेल्फ मारू नका. चार वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल निथळून खाली गेलेलं असतं. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात पावसाळ्याची दमट हवा शिरून गंजाची पातळ रेघ धरलेली असते. अशा वेळी जोरात सेल्फ मारला की पिस्टनची रिंग त्या रेघेवर घासते, कधी तुटते, आणि थोड्या ऑइलवर भागणारं काम लेथवर जातं.

सुरुवात उंदरांपासून करा. एअर फिल्टरचा डबा, ब्लोअर, बॅटरीखालचा कोपरा आणि डॅशबोर्डखालचं वायरिंग तपासा. घरटं फिल्टरच्या बाहेरच्या अंगाला असेल तर डबा पुसून फिल्टर बदलला की झालं. फिल्टर कुरतडून उंदीर आत गेला असेल तर मॅनिफोल्डपर्यंतचा पाइप उतरवून साफ करावाच लागतो, नाहीतर तो कचरा थेट व्हॉल्व्हखाली जातो.

मग डिझेल. टाकीच्या तळाचा बोल्ट काढून सगळं उपसून टाका. तळाशी पाणी साचलेलं असतं आणि पाणी-डिझेल जिथे भेटतात तिथे काळा, बुळबुळीत थर वाढतो. हाच थर नवे फिल्टर आठवड्यात चोंदवतो. तो जास्त असेल तर टाकी उतरवून रेडिएटरवाल्याकडून धुऊन घ्या. गळक्या टाकीला घरी वेल्डिंग लावू नका, रिकाम्या टाकीतली वाफ पेटते. निघालेलं डिझेल पार्ट धुवायला ठेवा, गाडीत पुन्हा घालू नका. डिझेल फिल्टर नवा टाका.

आता इंजिन. चारही नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा आणि पाइपांची तोंडं स्वच्छ प्लॅस्टिकने बांधा, कारण आपल्याकडची उन्हाळी धूळ डिझेल पंपात गेली तर पंपाचं काम या सगळ्या खर्चापेक्षा मोठं होईल. प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिली इंजिन ऑइल सिरिंजने सोडा आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हळूहळू दोन पूर्ण फेरे द्या. अडलं तर आणखी ऑइल सोडून आणखी दोन दिवस थांबा. ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढायची कल्पना कुणीतरी सुचवेलच. जाम इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकवायचा तो खात्रीचा उपाय आहे. नोजल बाहेर आहेतच, तर तेवढ्यात डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे त्यांचा दाब आणि फवारा तपासून घ्या.

जुनं इंजिन ऑइल काढताना पहिली धार भांड्यात वेगळी धरा. थोडं पाणी आलं तर बहुधा साचलेली वाफ असते, पण सगळं ऑइल दुधी निघालं तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) किंवा ऑइल कूलर फुटल्याचा संशय घ्या आणि तिथेच थांबा. नवा ऑइल फिल्टर लावून १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. नोजल बाहेर असतानाच स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल तोडणाऱ्या विजेच्या स्विचची) वायर काढून (स्टॉपची केबल असेल तर ती ओढून ठेवून) १० सेकंद सेल्फ मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. ऑइलचा दिवा विझला की ऑइल वरपर्यंत पोचलं. या वेळी नोजलच्या भोकांवर वाकू नका, आतलं ऑइल उडतं.

नोजल बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवे घ्या. जुने दाबलेले वॉशर कॉम्प्रेशन सोडतात आणि मग दोष नोजलवर जातो. फिल्टरजवळच्या हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत हवा काढा. नोजलच्या बाजूचे पाइपनट फेराभर सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल दिसलं की आवळा. धारेसमोर बोट धरू नका, दाब कातडी फोडण्याइतका असतो. गाडी सुरू झाली की पहिली १० मिनिटं रेस न देता नुसती चालू ठेवा आणि खाली वाकून गळती बघा. ज्या गाड्यांच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे त्यांनी मात्र बेल्ट आधी बदलावा, मगच सेल्फ.

क्लच चिकटलेला असण्याची शक्यता बरीच आहे. पॅडल दाबूनही गिअर खरखरत असेल तर इंजिन बंद ठेवा, वरचा गिअर टाका, पॅडल लाकडाने दाबून अडकवा आणि दोघा-तिघांनी गाडी मागेपुढे हलवा. प्लेट बहुतेक वेळा सुटते.

८० हजारांपैकी निम्मे टायर, ब्रेक आणि स्टिअरिंगच्या सांध्यांसाठी ठेवा. बॅटरी, ऑइल, फिल्टर, बेल्ट, होस, कुलंट मिळून १८ हजारांच्या आत बसवा. पत्रा-वेल्डिंगला १२, आणि उरलेल्या १० हजारांना हात लावू नका, कारण खोलल्याशिवाय न दिसणारं एक तरी काम निघतंच. रंग पुढच्या वर्षी. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. एवढा जुना आणि चार वर्षं एकाच जागी दबलेला टायर हायवेवर फुटतो.

शेडात मुरूम असेल तर घोडीखाली (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडखाली) दोन इंच जाडीची, हातभर लांब-रुंद फळी ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या किंवा विटांच्या थरावर टेकवलेल्या गाडीखाली कुणी झोपायचं नाही. वीट तडकण्याआधी सूचना देत नाही.

प्रश्न : सुमोचा ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. पॅडलही मऊ लागतं, दोन-तीनदा पंप केल्यावर ब्रेक लागतो. लायनर नवे टाकले तरी तेच.
— वाचक, केज (जि. बीड)

हे दोन वेगळे दोष आहेत. पॅडल पंप केल्यावर वर येत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रमचे लायनर नीट अ‍ॅडजस्ट झालेले नाहीत. आधी अ‍ॅडजस्टमेंट करा. चाक हाताने फिरवून लायनर हलका घासल्याचा आवाज येईपर्यंत आवळा आणि मग किंचित सोडा. पॅडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची रबरं गेली आहेत.

डावीकडे ओढणारी गाडी म्हणजे उजव्या चाकाचा ब्रेक कमी लागतोय. लोक डावीकडचं चाक खोलून बसतात. उजवा कॅलिपर सरकणाऱ्या पिनांवर अडकलाय का, पॅडला ग्रीस किंवा ऑइल लागलंय का, ते बघा. सगळं ठीक दिसलं तर उजव्या चाकाचा रबरी होस पाइप बदला. जुना होस बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फुगून तेलाची वाट अडवतो. होस बदलायचे तर जोडीनेच.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत सहसा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा क्रम येतो. जुनं तेल पूर्ण बदलायला लिटरभर पुरतं. टोपणावर लिहिलेलं ग्रेडच वापरा आणि बाटली सीलबंद घ्या, कारण ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं आणि घाटात ते पाणी उकळून पॅडल रिकामं जातं. ब्रेकची रबरं डिझेल-पेट्रोलने धुऊ नका, फुगतात. हे जाणत्या गॅरेजमध्येही सर्रास होतं. व्हील सिलिंडर आतून खरवडलेला दिसला तर घासून पुन्हा वापरू नका, नवा टाका.

प्रश्न : २००३ची सुमो एप्रिल-मे महिन्यात लातूरच्या रस्त्यावर हमखास तापते. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही.
— वाचक, औसा (जि. लातूर)

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, परत बसवा. तो उघडला की फक्त रेडिएटरची वाट मोकळी होते असं नाही. बायपास असलेल्या इंजिनात तो ती आडवाटही बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटर टाळून इंजिनातच फिरत राहतं. नवा बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर लावून बघा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांना उघडायला लागला पाहिजे.

मूळ दोष बहुधा दोन ठिकाणी असतो. पहिला बाहेरून दिसत नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत सोयाबीनचा भुसा, कापसाचे तंतू आणि धूळ यांची गोधडी तयार झालेली असते. समोरून पाणी मारलं की ती आणखी घट्ट बसते. वरचे ब्रॅकेट सोडून रेडिएटर मागे झुकवा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या दाबाने पाणी सोडा. मोठ्या प्रेशरने पातळ फिन्स आडव्या होतात.

दुसरा दोष बोअरच्या पाण्याचा. क्षार नळ्यांत बसतात. लिंबूसत्व लिटरला २० ते २५ ग्रॅम या प्रमाणात पाण्यात घालून भरा, इंजिन अर्धा तास गरम चालवा, निवल्यावर काढा आणि साध्या पाण्याने स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा धुवा. रात्रभर ठेवू नका. एवढ्याने भागलं नाही आणि रेडिएटर तांबं-पितळेचा असेल तर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. प्लॅस्टिक टाकीचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर बदललेला बरा. शेवटी कुलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. घागरीतलं पाणी वरून टाकत राहिलात तर दोन उन्हाळ्यांत पुन्हा इथेच याल.

फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण जागेवर आहे ना तेही बघा. बऱ्याच सुमोंमध्ये ते कधीच निघून गेलेलं असतं, मग फॅन रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी बॉनेटखालचीच गरम हवा फिरवतो. रेडिएटरच्या टोपणाची स्प्रिंग मेलेली असेल तर पाणी लवकर उकळतं, आणि टोपण ही या यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे.

इतकं करूनही तापली तर थंड इंजिन टोपण उघडं ठेवून सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फिलर गेजने बाक तपासल्याशिवाय नवं गॅस्केट टाकू नका. पट्टीखाली ०.१ मिमीचं पातं शिरलं तर हेड मशीन शॉपमध्ये न्यावंच लागतं.

प्रश्न : सेल्फ नुसता ‘कट’ असा आवाज करतो, इंजिन फिरत नाही. दोन बॅटऱ्या बदलल्या.
— वाचक, अंबड (जि. जालना)

तिसरी घेऊ नका. साधा मल्टिमीटर पुरतो. उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि सेल्फ मारताना ९.६च्या खाली जात नसेल, तर बॅटरी चांगली आहे. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर इंजिन-चेसिसमधली अर्थची पट्टी गंजली आहे. ती सोडा, दोन्ही जागा चकचकीत घासा, नवी पट्टी आवळा. सुरू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. कमी असतील तर आधी बेल्ट, मग अल्टरनेटर.

प्रश्न : बोलेरोच्या फ्लोअरला पायाखाली भोकं पडली आहेत. फायबर लावून वरून अंडरकोटिंग मारलं तर चालेल का? चेसिसलाही मागे पाट्यांजवळ (लीफ स्प्रिंगजवळ) पापुद्रे आहेत.
— वाचक, नायगाव (जि. नांदेड)

नाही. फायबर गंजाला चिकटतं, लोखंडाला नाही, आणि वरचं काळं कोटिंग आतला ओलावा कोंडून ठेवतं. दोन पावसाळ्यांनी भोक दुप्पट निघेल.

आधी चेसिस, कारण ते गेलं असेल तर फ्लोअरवर खर्च करण्यात अर्थ नाही. जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाट्यांचे हँगर, शॉकअपचे ब्रॅकेट, बॉडी माउंटिंग आणि मागच्या चाकावरचा कमानीचा भाग जोर लावून टोचा. आपल्या काळ्या मातीचा चिखल या कोपऱ्यांत बसतो, वरून सुकतो आणि आत महिनाभर ओल धरतो. गंज तिथूनच सुरू होतो. टोक आत शिरलं तर तो भाग सडलाय. नुसते पापुद्रे निघाले आणि खाली घट्ट लोखंड लागलं तर वायर ब्रशने घासून वाचवता येतो.

चेसिसला पट्टी मारायची तर मूळ जाडीइतकी, म्हणजे साधारण ३ ते ४ मिमीची प्लेट घ्या आणि तिची टोकं निमुळती कापा. चौकोनी पट्टीच्या उभ्या वेल्डवरच चेसिस पुढे तडकतं, कारण सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. हे काम घरी नको. चेसिस करणाऱ्या जुन्या वेल्डरकडूनच घ्या.

फ्लोअरचं काम मात्र घरी होतं. सडलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. सगळेजण कमी कापतात आणि मग वेल्डिंग पत्रा जाळत पुढे पळतं. फ्लोअरला १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, बाहेरच्या पॅनलला २० गेज. को-टू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगने इंच-दीड इंचावर टाके मारा, जागा बदलत राहा, गार होऊ द्या. सलग ओढलं तर पत्रा वाकडा होतो. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडा, टाकी जवळ असेल तर उतरवा, आतलं मॅटिंग आणि फोम काढा, पाण्याची बादली हाताशी ठेवा. आग अनेकदा वेल्डिंग संपल्यावर काही वेळाने दिसते.

मग रस्ट कन्व्हर्टर, तो काळा पडून सुकला की झिंक प्रायमर, सांध्यांना सीलंट, त्यावर रंग आणि अगदी शेवटी अंडरकोटिंग. नुसतं रेड ऑक्साइड मारून सोडू नका, ते पाणी शोषतं. दारांच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. जळकं ऑइल खालून फासायची पद्धत सोडा. सस्पेन्शनचे रबरी बुश त्याने फुगतात आणि धूळ चिकटून पुन्हा तोच ओला थर बनतो.

प्रश्न : घरी कॉम्प्रेसर आहे. पूर्ण गाडी पीयूमध्ये (पॉलियुरेथेन रंगात) रंगवू का?
— वाचक, वाळूज (जि. छत्रपती संभाजीनगर)

तयारी घरी करा, फवारा बूथमध्ये. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि साध्या मास्कने ते अडत नाही; दम्याचा आजार कायमचा मागे लागू शकतो. बूथवाल्याकडचा निम्म्याहून जास्त वेळ घासण्यात जातो, तेवढं काम तुम्ही केलंत तर पैसे वाचतात. ८० नंबरच्या पेपरने उघडं लोखंड, लांबी (खड्डे भरायची पुटी) भरल्यावर १८० आणि ३२०, प्रायमरवर ६०० ते ८०० पाण्यासोबत. लांबी दोन-तीन मिमीपेक्षा जाड नको. खड्डा खोल असेल तर डेंटरकडून आधी उठवून घ्या. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. मे महिन्यात थिनर हवेतच उडतो आणि रंग खरबरीत बसतो, पावसाळ्यात पांढुरका पडतो.

प्रश्न : भंगारातून काय घ्यावं?
— वाचक, कळमनुरी (जि. हिंगोली)

दारं, काचा, सीटचे सांगाडे, हँडल, चाकांच्या डिस्क, आणि तपासून गिअरबॉक्स. ब्रेकचा कोणताही भाग, बॉल जॉइंट, बेअरिंग, बेल्ट, रबरी पाइप आणि टायर नवेच. पावती मागा. इंजिन घेतलंत तर त्याचा नंबर आरसीवर चढवावा लागतो, म्हणून कागद नसलेलं इंजिन फुकट मिळालं तरी महाग पडतं.

प्रश्न : २००४ची सुमो आहे. १५ वर्षं झाली म्हणून भंगारात घालावी लागेल, असं एजंट म्हणतो.
— वाचक, तुळजापूर (जि. धाराशिव)

नाही. दहा वर्षांच्या डिझेल गाडीची मर्यादा दिल्ली परिसरापुरती आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढते. अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा. हलक्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क २० वर्षांपर्यंत ५ हजार रुपये आहे, आणि २०२५च्या बदलानंतर २० वर्षांपुढच्या गाडीला १० हजार. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल तर दरमहा विलंब शुल्क चढत जातं, तेव्हा काम पूर्ण होण्याची वाट न बघता तो हिशोब आधी काढा.

तपासणीला नेताना विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना सक्तीची झालेली हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. पुढचा बुल गार्ड घरीच उतरवून जा. रंग बदलला असेल तर आरसीवर नोंद हवी. आणि चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर वेल्डर-पेंटरला ग्राइंडर किंवा लांबी लावू देऊ नका. काम सुरू होण्याआधी त्याच्यावर ग्रीस लावून मास्किंग टेप मारा. तपासणीच्या वेळी त्याचाच पेन्सिल छाप घेतात आणि एक आकडा जरी पुसट असला तरी गाडी परत पाठवतात.